चतुःसीमा

भूमापन खात्याच्या नोकरीत मी 31 वर्षे काढली. त्या काळात भिवंडी, वाडा आणि शहापूर या तालुक्यांतील किती बांध, किती नाले आणि किती वादग्रस्त हद्दी माझ्या साखळीखालून गेल्या याची गणती मी ठेवली नाही. परंतु नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एका वृद्ध मोजणीदाराने माझ्या मनावर जो एक नियम ठसवला, तो सरकारी कामात मी कधी मोडला नाही. एका बाजूचे माप जुळले म्हणून शेताची ओळख पटली असे मानू नये. पूर्वेस कोणाचा सर्व्हे नंबर, पश्चिमेस ओढा की गाडीवाट, दक्षिणेचा बांध जुना की अलीकडे सरकवलेला, अशी चतुःसीमा प्रत्यक्ष पाहून, ती जुन्या टिपणाशी ताडून, मगच खुणेचा दगड रोवावा, असा तो नियम. तोच नियम सेवानिवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी, शर्यतीच्या एका जुन्या शिडाच्या नौकेबाबत मी पाळला नाही. परिणामी एका उत्तम नौकेचे अंग कायमचे विद्रूप झाले, तिच्या जन्माचा दाखला माझ्याच हाताने पुसला गेला आणि माझ्या बहिणीच्या मुलाचे गळपट्टीचे हाड मोडले. अशा नौका आता जुन्या मालाच्या बाजारात अधूनमधून येतात आणि हौशी माणसे त्या विकत घेतात. त्यांच्या हातून माझ्या चुकीची पुनरावृत्ती होऊ नये एवढ्यासाठी हा मजकूर लिहीत आहे.

भिवंडीत आणि शिडाची नौका, हे ऐकून आजच्या वाचकाला आश्चर्य वाटेल, कारण या शहराचे नाव निघाले की यंत्रमागांचा खडखडाट आणि महामार्गालगतची अफाट गोदामे एवढेच डोळ्यांपुढे येते. परंतु कामवारी नदी ज्या खाडीला मिळते, ती उल्हास नदीचे पाणी घेऊन वसईकडे जाणारी खाडी एके काळी जलमार्गाचा राजरस्ता होती. 1657 मध्ये कल्याण आणि भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आल्यावर त्यांच्या आरमाराची पहिली जहाजे याच परिसरात बांधली जाऊ लागली. 1659 च्या सुमारास रुय लैतांव व्हिएगश नावाचा पोर्तुगीज जहाजबांधणी-कारागीर आणि त्याचा मुलगा त्या कामावर होते, आणि वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना तेथून फोडून नेले. जहाज कसे बांधावे हे ज्ञान एका राज्यकर्त्याला हवे होते आणि दुसऱ्याला ते त्याच्या हाती पडू द्यायचे नव्हते, एवढे त्या ज्ञानाचे मोल होते. कोकणातील मिस्त्री मचवा किंवा पडाव बांधताना कागदावर आराखडा काढीत नसत. पठाण, म्हणजे नौकेचा तळचा कणा, टाकल्यावर पुढची सर्व वळणे त्यांच्या दृष्टीत आणि हातात असत. म्हणून अशा जुन्या नौकेच्या बाबतीत तिचे शरीर हाच तिचा एकमेव दस्तऐवज असतो. हे मला ठाऊक होते, आणि ठाऊक असूनही मी तो दस्तऐवज न वाचता त्यावर रंधा फिरवला, याचे दुःख अधिक आहे.

नौका मला मिळाली ती राहनाळच्या बाजूच्या एका गोदामात. कोठल्याशा संस्थेने मोडीत काढलेल्या क्रीडासाहित्याचा संपूर्ण ढीग एका व्यापाऱ्याने घेतला होता; त्यात वल्ही, जीर्ण झालेली प्राणरक्षक जाकिटे, दोन मोडकी सुकाणी, अॅल्युमिनियमची एक डोलकाठी, निळ्या रंगाच्या शिडांचे एक गाठोडे आणि तळ वर करून ठेवलेली ही लहानशी नौका होती. व्यापाऱ्याने तिला ‘एंटरप्राइज’ म्हटले. तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, मोठी रेखीव होती, प्लायवूडच्या अंगावर रंगाचे पाच-सहा थर चढले होते, आणि एके ठिकाणी पापुद्रा सुटून आत मधासारख्या रंगाचे लाकूड दिसत होते. मी टेप काढला, लांबी मोजली. ती 13 फूट आणि वर इंच-दोन इंच भरली. घरी येऊन भाच्याने शोध केला, तेव्हा एंटरप्राइजची लांबी 13 फूट 3 इंच आणि तिच्या शिडांचा रंग निळा असल्याचे निघाले. लांबी जुळली, शीड जुळले, विक्रेत्याची जबानीही जुळली. तीन साक्षी एकमुखाने बोलल्या असे मला वाटले. प्रत्यक्षात नौकेची अशी साक्ष त्यात अर्धीच होती. उरलेली साक्ष तिच्याशेजारी योगायोगाने पडलेल्या मालाची आणि माल विकू पाहणाऱ्या इसमाची होती.

येथे थोडे विषयांतर करून, शर्यतीच्या नौकांचे ‘वर्ग’ म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण ते कळल्यावाचून ओळख पटवण्याची रीत कळणार नाही. घोड्यांच्या शर्यतीत जनावर जिंकते. शिडाच्या शर्यतीत माणसाचे कौशल्य जिंकावे म्हणून एकाच आराखड्यावरून शेकडो, कधी हजारो नौका बांधतात. लांबी, रुंदी, वजन, शिडाचे क्षेत्रफळ यांचे नियम ठरतात, मोजणी करणारा अधिकारी प्रत्येक नौका तपासतो आणि तिला क्रमांक मिळतो. आराखडा कोणाचा आणि कोणत्या वर्षाचा, हे म्हणजे नौकेचे कुलगोत्र. क्रमांक म्हणजे तिचा सातबारा. आणि मागच्या फळीवर हौसेने रंगवलेले नाव हे केवळ हाक मारण्याचे नाव. ज्या ‘म्हादेई’तून कॅप्टन दिलीप दोंदे यांनी 2009–10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती नौका गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली, तिला गोव्याच्या नदीचे नाव मिळाले, परंतु तिचा आराखडा हॉलंडमधील व्हॅन डी स्टाट यांचा, ‘टोंगा 56’ नावाचा. पुढे त्याच आराखड्यावरून ‘तारिणी’ झाली. नावे दोन, हात गोमंतकीय, कुलगोत्र डच. म्हणून फळीवरचे नाव वाचून कोणी आराखडा सांगू लागला तर त्याच्यावर विसंबू नये.

आता एंटरप्राइज म्हणजे काय ते पाहा. जॅक होल्ट या इंग्रज आराखडाकाराची ती 1956 ची निर्मिती. ‘न्यूज क्रॉनिकल’ या वृत्तपत्राच्या पाठिंब्याने ती लोकांपुढे आली. लांबी 4.04 मीटर, रुंदी 1.60 मीटर, म्हणजे 5 फूट 3 इंच. नौकेत माणसे दोन, शिडे दोन, आणि डोलकाठीला दोन्ही कुशींकडून आणि नाळेकडून तारेचे तणावे. तिच्या कुशीवरून हात तळाकडे नेला तर दोन ठिकाणी कोन लागतो: एक कडा वर आणि दुसरी तिच्याखाली. दुसरीकडे ‘ओके’ या नावाची नौका आहे. डेन्मार्कमधील अॅक्सल डॅमगार्ड यांच्या इच्छेवरून कनुड ओल्सेन यांनी 1957 मध्ये तिचा आराखडा केला. त्यांच्या नावाची आद्याक्षरे उलटी केली की ‘ओके’ होते. तिची लांबी 4 मीटर, म्हणजे 13 फूट दीड इंच. दोघींच्या लांबीत अंतर जेमतेम दीड इंच! परंतु ओकेची रुंदी 1.42 मीटर, म्हणजे 4 फूट 8 इंच. तिच्यात माणूस एक, शीड एक, कुशीला कडा एकच, आणि डोलकाठी अगदी पुढे, नाळेच्या निकट, तक्तपोशीतील, म्हणजे वरच्या फळ्यांतील, भोकातून खाली उतरून कोणत्याही तणाव्यावाचून स्वतःच्या बळावर उभी राहणारी.

मी रुंदी मोजलीच नाही. सात इंचांचा फरक मोजणीदाराच्या टेपपासून कसा लपला असता? शेताच्या बाबतीत तीन बाजू सोडून एकाच बाजूच्या मापावर ज्या कनिष्ठाने टिपण केले असते, त्याला मी ते फाडून पुन्हा करायला लावले असते.

यानंतर जे घडले ते क्रमाने सांगतो. पुढील तक्तपोशीतील भोक पाहून आम्हाला शंका आलीच होती, कारण चित्रातल्या एंटरप्राइजची डोलकाठी इतकी पुढे नव्हती. शंका आली तेथेच थांबणे हे कर्तव्य होते. परंतु मनाने एकदा नाव निश्चित केले की विरुद्ध पुरावाही त्याच नावाच्या सेवेला जुंपला जातो. ‘पूर्वीच्या कोणी मालकाने अडाणीपणे भोक पाडले असावे’ अशी आम्ही समजूत करून घेतली. सुतार मिस्त्रींकडून सागाचा गोल डट्टा बसवून, सरसाने चिकटवून, वर पुट्टी मारून ते भोक बुजवले. मागे, चित्रात दिसली त्या जागी, तळावर नवा ठोकळा बसवून डोलकाठीचा पाय त्यावर ठेवला. दोन्ही कुशींना पितळी पट्ट्या स्क्रूने मारून तणावे बांधले. रंगाचे सगळे थर पॉलिश पेपरने खरवडून काढले, आणि हे करताना आतल्या आडव्या तुळईवर कोरलेले काही अंक ‘खरचटे’ समजून भाच्याने साफ केले. तो म्हणाला होता, “मामा, इथे काही लिहिल्यासारखं दिसतंय.” मी लांबूनच सांगितले, “घासून टाक.” ते दोन शब्द मी परत घेऊ शकत नाही.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही नौका काल्हेरच्या बाजूने खाडीत उतरवली. पौर्णिमेचे उधाण, त्यात ओहोटी नुकतीच लागलेली, पाणी वसईकडे वेगाने ओढत होते, आणि पावसाळी वारा थोपून थोपून येत होता. नौकेत आम्ही दोघे होतो. पहिल्या दहा मिनिटांत तिचा एक डौल दिसला, तो अजून डोळ्यांपुढे आहे. मग वाऱ्याचा एक झोत आला, शिडे भरली, आणि वाऱ्याकडच्या कुशीवरची पट्टी प्लायवूडसकट उपटून निघाली. तणावा सुटताच डोलकाठी आडवी झाली ती भाच्याच्या खांद्यावर. त्याच वेळी नव्या ठोकळ्याखालचा तळ उकलून पाणी आत येऊ लागले. ओहोटी आम्हाला वसईच्या दिशेने नेत असताना जाळी घेऊन परतणाऱ्या एका आगरी बांधवाने आपली होडी आडवी घातली, “दादा, काठी सोडा, पोराला धरा,” असे ओरडून त्याने दोर फेकला आणि आम्हाला काठाच्या चिखलावर आणले. त्याने पैसे घेतले नाहीत.

असे का झाले, हे मला नंतर कल्याणच्या एका वृद्ध गृहस्थांनी समजावून दिले. नौदलात असताना त्यांनी अनेक वर्षे तरुणांना शीडनौकानयन शिकवले होते. ते आले, नौकेभोवती एकदा फिरले, आणि त्यांनी मला फक्त तीन गोष्टी विचारल्या: रुंदी किती, कुशीला कडा किती, आणि डोलकाठीचे मूळ भोक कोठे होते. मी निरुत्तर झालो. तणाव्यांनी धरलेली डोलकाठी दोन दिशांनी बळ लावते, ते म्हणाले. तणावे कुशींना वर ओढतात आणि डोलकाठी तळाला खाली दाबते. ज्या नौकेचा आराखडा तणाव्यांसाठी केलेला असतो, तिच्या कुशीत त्या जागी लाकडाचे पाठबळ असते आणि डोलकाठीच्या पायाखाली जाड तुळई असते. ओकेच्या कुशीत ते पाठबळ नसते, कारण तिच्या डोलकाठीचा सारा भार तक्तपोशीच्या भोकाची कड आणि त्याखालचा पाया हे दोघेच घेतात. शिवाय नौका सात इंचांनी अरुंद असल्याने तणावे डोलकाठीशी अधिक लहान कोन करून उभे होते. कोन जितका लहान, तितकी त्याच वाऱ्यासाठी तारेवरची ओढ अधिक. एका माणसासाठी आखलेल्या नौकेत दोघे बसलो, तो भार निराळाच. म्हणजे नाव चुकले ही केवळ कागदावरची चूक नव्हती. नाव चुकले म्हणून बळाच्या वाटा चुकल्या, आणि बळाने स्वतःची वाट काढली.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली. रात्री दिवे मालवून, हातातली विजेरी लाकडाला जवळजवळ समांतर धरून, त्यांनी त्या आडव्या तुळईवरून प्रकाश हळूहळू सरकवला. तिरप्या प्रकाशात घासलेल्या अंकांच्या सावल्या क्षणभर उमटल्या. त्यांतील शेवटचे दोन अंक वाचता आले, आधीचे नाहीत. पातळ कागद वर धरून शिसपेन्सिलीने घासून त्या दोन अंकांचा ठसा आम्ही घेतला. जुन्या शिलालेखांचे ठसे घेणारे ज्या भावनेने तो कागद उचलत असतील, ती त्या रात्री मला प्रथम समजली. परंतु दोन अंकांवरून कोणत्याही दप्तरात शोध लागत नाही.

आता जे बंधू-भगिनी अशी नौका घेऊ पाहत असतील त्यांना माझी विनंती अशी की, पहिले पंधरा दिवस तिला फक्त पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. रंधा, पटाशी, पॉलिश पेपर आणि रंगाचा डबा घरात आणूच नका. प्रथम पंचनामा करा. मागच्या फळीची आतली बाजू, तुळया, मध्यफळीची (तळातून पाण्यात उतरणाऱ्या फळीची) उभी पेटी आणि तळाची मधली पट्टी या जागांवर तिरप्या प्रकाशाने अंक शोधा, कारण लाकडी नौकांच्या अनेक वर्गांत क्रमांक अशाच एखाद्या स्थिर भागावर कोरण्याचा शिरस्ता असे. पितळी बिल्ला निघालेला असला तरी त्याच्या दोन स्क्रूंची भोके आणि मागचा फिकट चौकोन राहतो. त्याचीही नोंद घ्या.

मग मोजा. लांबी मोजताना टेप नौकेच्या कुशीवरून वळवत नेऊ नका. तेथे वक्रता काही इंच वाढवते. नौका पाणसळीने समतल ठेवून, नाळेच्या टोकावरून आणि मागच्या फळीवरून ओळंबे सोडून, जमिनीवरच्या दोन बिंदूंमधले सरळ अंतर घ्या, आणि सुकाणूचे कडे-बिजागरे त्यात धरू नका. हे इतक्या आग्रहाने सांगण्याचे कारण वर दिलेच आहे: एका वर्गाचे दुसऱ्याशी अंतर दीड इंचाचे, म्हणजे बारा सुतांचे असू शकते. रुंदी सर्वांत रुंद जागी घ्या आणि ती जागा नाळेपासून किती अंतरावर येते तेही लिहा. डोलकाठीच्या भोकाचे आणि मध्यफळीच्या फटीचे नाळेपासूनचे अंतर लिहा. कुशीवरून तळापर्यंत हात फिरवून कडा मोजा: एकही नाही, म्हणजे सारे अंग गोल, एक, की दोन. मापे फूट-इंचांत आणि मीटरमध्ये, दोन्हींत ठेवा, कारण इंग्रजांचे जुने आराखडे फुटांत विचार करतात आणि युरोपखंडातले मीटरमध्ये. एका फुटात 30.48 सेंटिमीटर असतात हे लक्षात ठेवले की भाषांतर सोपे होते.

एवढे हाती आले की बहुतेक जुन्या नौका आपले कुलगोत्र स्वतःच सांगू लागतात. 1962 च्या पीटर मिल्न यांच्या फायरबॉलची लांबी 4.93 मीटर, आणि नाळ टोकदार नसून आडवी कापल्यासारखी बसकी. ती एकदा पाहिली की विसरणे शक्य नाही. 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धा दिल्लीला झाल्या तरी शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी याच फायरबॉलमध्ये सुवर्णपदक मिळवले. त्या स्पर्धेत एंटरप्राइज आणि ओके हे दोन्ही वर्ग होते, ही गोष्ट मला आधी ठाऊक असती तर निळे शीड आणि ओकेचा देह एकाच ढिगात का आले याचे उत्तर कदाचित सुचले असते. आंद्रे कॉर्नू यांच्या 470 चे नाव हेच तिचे सेंटिमीटरमधले माप आहे. 1949 च्या रिकार्ड सार्बी यांच्या फिनची डोलकाठीही ओकेसारखी तणाव्यांवाचून उभी राहते, परंतु ती साडेचार मीटर लांब आणि गोल अंगाची. लहान आणि घरी बांधता येईल अशी ओके तिच्याच वाटेवरची पहिली पायरी म्हणून आखली गेली. जॅक होल्ट यांचीच जीपी-14 ही 14 फुटी. 1962 ची मिरर आखूड नाकाची. प्लायवूडचे तक्ते तांब्याच्या तारेने शिवून ती बांधत आणि तिची शिडे लाल असत. 1972 च्या ऑलिंपिकमध्ये सोली कॉन्ट्रॅक्टर आणि ए. ए. बासित ज्या फ्लाइंग डचमन वर्गात उतरले, ती तर सहा मीटरहून लांब. तिची गफलत होण्याचे कारण नाही.

शीड, डोलकाठी आणि सुकाणू यांची जबानी सर्वांत शेवटी घ्या आणि ती दुय्यम माना. या वस्तू क्लबांत, छावण्यांत, विद्यालयांत एका नौकेवरून दुसरीवर सहज जातात. शिडावरचे चिन्ह शिडाचा वर्ग सांगते: जीपी-14 वर घंटा, फिनवर दोन लाटा. अक्षरांवरून देश कळतो. आज भारताची तीन इंग्रजी अक्षरे ‘आयएनडी’ आहेत, परंतु जुन्या पद्धतीत ब्रिटनचे नुसते ‘के’ आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांची ‘केए’ आणि ‘केझेड’ अशी अक्षरे होती, त्यामुळे शिडावर ‘के’ दिसला तर ते कापड किती जुने आणि कोठून आले याचा अंदाज बांधता येतो. कापडाच्या बाबतीत मात्र माझ्या गावाने मला हात दिला. आमच्या शेजारच्या यंत्रमागवाल्यांनी ते निळे शीड चिमटीत धरले, ताणा आणि बाणा नखाने मोजल्यासारखा केला आणि म्हणाले, “काका, हे सुती नाही, यात कापसाचा धागाच नाही.” शिवणीच्या आतला सुटलेला एक दोरा जाळून पाहिला, तर राख न होता काळा कडक मणी झाला, म्हणजे टेरिलिनच्या जातीचा धागा. तो धागा 1941 मध्ये ब्रिटनमध्ये शोधला गेला आणि शिडांत त्याचा प्रवेश 1950 नंतरच्या दशकात झाला. शीड सुती असते तर ते बहुधा त्याआधीचे किंवा त्या संधिकाळातले ठरले असते. परंतु यातून वय कळले ते शिडाचे, नौकेचे नव्हे. (दोरा जाळायचा तो शिवणीतलाच, कापडाला धक्का लावू नये.)

लाकूडही पुष्कळ बोलते. प्लायवूडवर ‘आयएस 710’ असा शिक्का सापडला तर ते भारतीय मानकाचे सागरी प्लायवूड, म्हणजे नौका किंवा निदान तो तक्ता येथे बसवलेला. जोडांत गडद तांबूस-जांभळी रेघ दिसली तर तो रिसॉर्सिनॉलचा चिकटा. स्क्रूच्या डोक्यावर एकच चीर असलेले पितळी स्क्रू बहुधा मूळ बांधणीचे, फुलीचे डोके असलेले पोलादी स्क्रू बहुधा नंतरच्या दुरुस्तीचे. जेथे हे दोन्ही शेजारी दिसतील तेथे कोणीतरी हात घातला आहे असे समजून दुप्पट काळजीने पाहा. आणि जेथे बुजवलेले भोक दिसेल, तेथे ते चुकून पडले असे कदापि मानू नका.

इतके करूनही शंका राहिली तर जाणत्यांकडे जा, आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. 1846 पासूनचा मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब, कुलाब्याचे नौदलाचे प्रशिक्षण केंद्र, पुण्याचा रॉयल कनॉट बोट क्लब, यांच्या वर्तुळात अशा नौका तरुणपणी हाकलेली माणसे अजून भेटतात. त्यांना ‘ही कोणती नौका’ असे विचारण्याऐवजी सहा मापे आणि चार बाजूंची चार छायाचित्रे पुढे ठेवा. नावाचा अंदाज आपण आधी बोलून दाखवू नये. सांगितलेल्या नावाशी जुळवून घेण्याचा मोह अनुभवी माणसालाही होतो, आणि साक्षीदाराला उत्तर शिकवून मग साक्ष घेण्याची पद्धत आमच्या खात्यातही निषिद्ध होती.

भाच्याचे हाड सहा आठवड्यांत जुळले. नौका आमच्या शेजाऱ्यांच्या मागशाळेच्या पडवीत, दोन घोड्यांवर तळ वर करून ठेवली आहे. कुशीचे फाटलेले प्लायवूड मी मुद्दाम अजून बदललेले नाही. सुतार मिस्त्रींनी आपणच बसवलेला सागाचा डट्टा पटाशीने कण-कण करून काढला, तेव्हा भोकाच्या आतल्या कडेला लाकूड झिजून गुळगुळीत झालेले दिसले, म्हणजे तेथे वर्षानुवर्षे एक डोलकाठी फिरत होती. तसल्या डोलकाठीचा शोध चालू आहे. भाच्याने माझ्या जुन्या टिपणवहीच्या कोऱ्या पानांवर तिची नोंद सुरू केली आहे; लांबी, कडा, भोकाचे अंतर, आणि ठसा घेतलेल्या कागदावरचे ते दोन अंक. गेल्या रविवारी टेपचे एक टोक त्याने धरले आणि दुसरे मी, आणि सर्वांत रुंद जागी माप घेतले. 4 फूट 8 इंच, दोन सूत कमी. त्याने ते लिहिले आणि मी वाचून खाली सही केली.